रविवारच्या वर्गाची वही : 'किती' आणि 'कितीने'

रविवार, १ डिसेंबर २०२४

बारा मुलं आली. दुसरी ते चौथीतली. घरी मराठी, शाळेत कुणाचं गुजराती माध्यम, कुणाचं इंग्रजी. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या पुढच्या खोलीत दर रविवारी दोन तास मी त्यांना मराठी वाचायला बसवते, त्याला आता तिसरं वर्ष. या हिवाळ्यात वाचनाच्या जोडीला स्तंभालेख घ्यायचं ठरवलं आहे, म्हणून ही वेगळी वही. मुलांची नावं यात लिहीत नाही. चष्मेवाला, रिबिनवाली, जुळे अशा खुणा पुरतील.

कारण लिहून ठेवते. दिवाळीनंतर चौथीतली रिबिनवाली शाळेतल्या चाचणीचा कागद कौतुकानं घेऊन आली. मुलांना आवडणाऱ्या फळांचा स्तंभालेख, खाली चार प्रश्न, चारही उत्तरं बरोबर. मी प्रश्नांवर हात ठेवला आणि म्हटलं, "आता या चित्रातून काय कळतं ते मला सांग." ती म्हणाली, "चार पट्ट्या आहेत. हिरवी सगळ्यांत उंच." हिरवी म्हणजे काय? "आंबा." मग आंबा उंच का आहे? बराच वेळ विचार करून म्हणाली, "आंब्याचं झाड उंच असतं ना, मावशी."

त्या पट्टीत नऊ मुलं उभी आहेत, आंबा आवडणारी नऊ मुलं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उंच पट्टीचं नाव लिहायचं आणि बाजूचा आकडा उतरवायचा, एवढं तिला नीट शिकवलं होतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सुरुवात करून १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यांच्या राजधानीतलं मूल चित्रातली माणसं न ओळखता पैकीच्या पैकी गुण आणतं, हे मला फार सलतं. दोष मुलीचा नाही.

ठरवलं ते असं : डिसेंबरभर छापील आलेख दाखवायचाच नाही.

रविवार, ८ डिसेंबर

काड्यापेट्यांचा दिवस. काड्या मी आधीच काढून घेतल्या आणि रिकाम्या पेट्यांवर पांढरा कागद चिकटवून ठेवला. प्रत्येकानं आपल्या पेटीवर आपलं नाव लिहिलं. "ही पेटी म्हणजे मी," असं तीन वेळा म्हणवून घेतलं. आज सकाळी काय खाल्लं, त्याप्रमाणे पेट्या एकावर एक रचायच्या होत्या. पोहे पाच, भाखरी चार, खाकरा दोन. एक मुलगा आपली पेटी हातातच धरून बसला. मग हळूच बाजूला ठेवली. त्यानं काही खाल्लं नव्हतं.

मी विचारायलाच नको होतं. सगळ्यांना शेंगदाण्याची चिक्की दिली, त्याला वेगळी नाही, पण ती पेटी दिवसभर डोळ्यांपुढून हलली नाही. यापुढे खाणं, घर, वडिलांचं काम यातलं काही मोजायला घ्यायचं नाही. मुलांची माहिती घेऊन आलेख काढा, असं सगळे सांगतात. कुठली माहिती घ्यावी, याचा विचार मात्र आधी आपणच करायचा असतो.

कामाची गोष्ट एक घडली. भाखरीचा मनोरा कुणीतरी पाटावर रचला होता, पोह्यांचा जमिनीवर. भाखरी उंच दिसली आणि "भाखरी जिंकली!" असा ओरडा झाला. चष्मेवाला तिसरीतला, बोलायला तसा बुजरा. तो म्हणाला, "पाटावर उभं राहून उंची मोजतात का?" मी लगेच खडूनं फरशीवर सरळ रेघ ओढली. सगळे मनोरे या रेघेवरच उभे राहतील. मुलांनी तिला 'जमीन' म्हटलं. मी 'आधाररेषा' वगैरे काही बोलले नाही. 'जमीन' हाच वर्गाचा शब्द.

रविवार, १५ डिसेंबर

आजचं सविस्तर लिहायला हवं.

आवडता खेळ घेतला. क्रिकेट सात, लपंडाव तीन, कॅरम दोन. सगळ्यांत उंच मनोरा कोणता? बाराही जण : क्रिकेट. क्रिकेटवाले किती? सात. इथपर्यंत एकही चुकलं नाही. मग विचारलं, "लपंडावापेक्षा क्रिकेटवाले कितीने जास्त?" नऊ जणांनी सांगितलं, "सात." जुळे गप्प राहिले. चार म्हणाला फक्त चष्मेवाला.

मी प्रश्न सावकाश विचारला, मग मोठ्यानं विचारला. उत्तर सातच. शेवटी एका जुळ्यानं मला विचारलं, "मावशी, कितीने म्हणजे कशाने?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही मुलं 'ने' ओळखतात ती 'चमच्याने खा', 'बसने आलो' यातून. तिथे 'ने' म्हणजे साधन. 'कितीने जास्त' मधला 'ने' दोन संख्यांमधलं अंतर दाखवतो, आणि तो त्यांच्या कानावर फारसा पडलेलाच नाही. गुजराती शाळेत त्यांना 'केटला वधारे' असं विचारतात, तिथे 'ने' मुळातच नाही. मग मूल 'कितीने' ऐकतं आणि 'किती' समजतं. किती जास्त? सात जास्त. त्याच्या परीनं उत्तर बरोबर आहे.

हे काही आपल्याच भाषेचं दुखणं नाही. टॉम हडसन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना पक्षी आणि अळ्यांची चित्रं दाखवली होती. अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त, असं विचारलं तर बालवाडीतल्या १७ टक्के मुलांनाच जमलं. तेच "प्रत्येक पक्षी एकेक अळी घ्यायला धावला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?" असं विचारल्यावर ८३ टक्के मुलांनी बरोबर सांगितलं. पहिलीतल्या मुलांचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून थेट १००वर गेलं. चित्र तेच, मुलं तीच, बदलला तो फक्त प्रश्न.

म्हणून दोन्ही मनोरे मोडून पेट्या आडव्या मांडल्या. लपंडावाच्या प्रत्येक पेटीनं क्रिकेटच्या एका पेटीचा हात धरायचा. तीन जोड्या लागल्या. जोडीदार मिळाला नाही अशा पेट्या किती? बाराही जणांनी एका दमात सांगितलं : चार. रिबिनवाली म्हणाली, "या एकट्या राहिल्या." मग मी म्हटलं, "या एकट्या पेट्या म्हणजेच 'कितीने'." फळ्यावर लिहिलं : क्रिकेट चारने जास्त. ते दहा वेळा मोठ्यानं वाचलं. 'ने' वर जोर देऊन.

'जमीन' आणि 'एकटे' असे दोन शब्द मिळाले. घरी गेल्यावर जाऊबाईंना सांगितलं, त्या तीस वर्षं प्राथमिकला शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही सरळ वजाबाकी कर म्हणून सांगायचो." वजाबाकी येतेच मुलांना. कशातून काय वजा करायचं आणि का, तिथेच घोडं अडतं.

रविवार, २२ डिसेंबर

लग्नसराई, पाचच मुलं. दारातल्या चपला रंगाप्रमाणे रांगांत लावल्या. चौथीतला एक मुलगा ठामपणे म्हणाला, "हा आलेख नाही. आलेख उभा असतो." गुजराती पुस्तकात स्तंभालेखाला 'लंब आलेख' म्हणतात, आणि लंब म्हणजे उभाच, अशी त्याची खात्री. त्याला सांगितलं की विल्यम प्लेफेअर नावाच्या माणसानं १७८६ साली छापलेल्या पुस्तकात स्कॉटलंडच्या एका वर्षाच्या व्यापाराचा स्तंभालेख आहे. सतरा ठिकाणांशी झालेली आयात आणि निर्यात, आणि त्यातले सगळे स्तंभ आडवे झोपलेले. इतर आलेखांसाठी त्याच्याकडे वर्षानुवर्षांचे आकडे होते, स्कॉटलंडचे एकाच वर्षाचे, म्हणून त्यानं ही युक्ती काढली. मुलाला युक्तीपेक्षा १७८६ आवडलं. "म्हणजे रेल्वेच्या आधी?" हो, रेल्वेच्या आधी.

आडव्या रांगांनाही 'जमीन' लागते, फक्त ती डावीकडे असते. हे त्यानंच खडूनं काढून दाखवलं.

रविवार, ५ जानेवारी २०२५

चौकटीच्या वह्या पहिल्यांदा काढल्या. एक पेटी म्हणजे एक चौकट, रंगवत वर जायचं. सोपं वाटलं होतं. पाच चौकटी रंगवून चार मुलांनी आकडा लिहिला सहा. बोट ठेवून मोजायला सांगितलं तेव्हा दिसलं की ती चौकटी मोजतच नाहीत, आडव्या रेघा मोजतात, आणि 'जमीन'सुद्धा मोजणीत धरतात.

सगळ्यांना घेऊन वाड्याच्या जिन्यापाशी गेले. "तू अंगणात उभा आहेस. किती पायऱ्या चढलास?" एकही नाही. "मग अंगणाचा आकडा?" शून्य. पायरीपायरीला चढत मोजलं. परत येऊन प्रत्येकानं वहीत 'जमिनी'च्या टोकाशी शून्य लिहिलं. दोघांचं तरी चुकलंच. त्यांना तूर्तास आकडा रेघेवर न लिहिता चौकटीतच लिहू दिला. पुढे एका चौकटीत दोन-दोन मावायला लागतील तेव्हा आकडे रेघेवर न्यावेच लागतील, पण ते तेव्हा.

मंगळवार, १४ जानेवारी

उत्तरायण. सकाळपासून अगाशीवर. (मुंबई-पुण्याकडच्या पाहुण्यांना 'गच्ची' म्हणावं लागतं, आमच्या तोंडी अगाशीच बसलं आहे.) तिळगूळ द्यायला आलेल्या मुलांना सांगून ठेवलं : आज-उद्या तुमच्या अगाशीवर कापून पडलेले पतंग जपून ठेवा, फाटके असले तरी चालतील. झाडावर चढायचं नाही, रस्त्यावर धावायचं नाही, दोरीला हात लावायचा नाही. काचेच्या मांज्यानं बोट कापतं तसा पक्ष्यांचा पंखही कापतो. पतंगांची दोरी मी स्वतः कात्रीनं कापून गोळा करणार आहे.

रविवार, १९ जानेवारी

सत्तेचाळीस पतंग! खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

पहिला अर्धा तास नुसतं भांडण झालं, आणि ते होऊ दिलं याचा मला आनंद आहे. रंगाप्रमाणे वाटायचे होते. लाल शेपटीचा पांढरा पतंग कुठे? अर्धा काळा, अर्धा पिवळा कुठे? एका गटानं तो काळ्यात टाकला, दुसऱ्यानं ओढून पिवळ्यात. शेवटी रिबिनवालीनं नियम सुचवला : शेपटी मोजायची नाही, आणि अंगावर दोन रंग असले तर 'मिश्र'. सगळ्यांनी मान्य केला. मग मोजणी. पिवळे १४, पांढरे १२, लाल ९, मिश्र ८, काळे ४. छापील आलेखात हे भांडण कुणीतरी आपल्या आधीच मिटवून ठेवलेलं असतं आणि मुलांना ते दिसतच नाही. आज दिसलं.

मग पतंग 'जमिनी'पासून रांगेत मांडले. लाल रांग पार दारापर्यंत गेली, पांढरी मध्येच संपली. "लाल जास्त!" मोजून झालं होतं, फळ्यावर ९ आणि १२ लिहिलेलं होतं, तरी डोळ्यांनी आकड्यांना मागे टाकलं. मी काही बोलले नाही. एक जुळा रांगेजवळ उकिडवा बसून बघत राहिला आणि म्हणाला, "लाल मोठे आहेत. जास्त नाहीत." लाल पतंग बहुतेक मोठ्या आकाराचे होते, पांढरे लहान. हे वाक्य मी त्याच्याकडून फळ्यावर लिहून घेतलं.

उपाय मुलांनीच काढला. प्रत्येक पतंगाच्या बदल्यात जुन्या कॅलेंडरच्या कागदाची एकसारखी चिठ्ठी. सत्तेचाळीस चिठ्ठ्या, सगळ्या सारख्या मापाच्या, एकमेकींना चिकटून. पांढरी रांग लालच्या पुढे तीन चिठ्ठ्या गेली. "पांढरे कितीने जास्त?" तिघांनी बोटं ठेवून 'एकट्या' चिठ्ठ्या मोजल्या, बाकीच्यांनी नुसतं बघून सांगितलं. 'ने' सकट : तीनने.

संध्याकाळी प्रश्नांची यादी केली. फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ साली आलेख वाचण्याच्या तीन पातळ्या मांडल्या : आलेखात लिहिलेलं वाचणं, त्यातल्या दोन गोष्टींमधलं वाचणं, आणि आलेखाच्या पलीकडचं वाचणं. आमच्या वर्गातले माझे आजवरचे प्रश्न बघितले तर पहिल्या पातळीचे ढीगभर आहेत, दुसरीचे थोडे, तिसरीचा एकही नाही. पुढच्या वेळी विचारायचं : तुमच्या पोळातल्या (म्हणजे गल्लीतल्या) पतंगवाल्यानं पुढच्या वर्षी कुठला रंग जास्त आणावा? आणि तुम्हाला हे या चिठ्ठ्यांवरून खात्रीनं सांगता येईल का?

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून मुलं उशिरा आली, तासभरच मिळाला. पतंगांचा आलेख वहीत उतरवायचा होता. मी मुद्दाम दहा चौकटींचाच कागद दिला. पिवळ्यांच्या दहा चौकटी रंगवून झाल्यावर सगळे थांबले : "मावशी, कागद संपला." एकानं वर दुसरा कागद चिकटवला. तेही बरोबरच, मी त्याला तसंच करू दिलं. चष्मेवाला म्हणाला, "एका चौकटीत दोन पतंग बसवू." पिवळे सात चौकटी, पांढरे सहा, मिश्र चार, काळे दोन. लाल नऊ, साडेचार चौकटी. जुळ्यांना अर्धी चौकट पटेना. "अर्धा पतंग कसा?" अर्ध्या चौकटीत एक अख्खा पतंग आहे, हे पुन्हा चिठ्ठ्या ठेवून दाखवावं लागलं.

पुढच्या घरातल्या काकांना वही दाखवायला पाठवलं. त्यांनी विचारलं, "पिवळे किती?" पाच मुलांनी सांगितलं, "सात." म्हणजे स्वतः काढलेल्या आलेखातही प्रमाण विसरलं जातं. आता आलेखाला बोट लावायच्या आधी वरची ओळ मोठ्यानं वाचायची : एक चौकट म्हणजे दोन पतंग.

पतंगवाल्याच्या प्रश्नाला वेळ उरला नव्हता, पण रिबिनवाली जाता जाता म्हणाली, "पडलेले पतंग म्हणजे कापले गेलेले. जे नाही कापले गेले ते आपण कुठे मोजले?" हे मी लिहून घेतलं आणि घरी येऊन दोनदा वाचलं. पलीकडचं वाचणं म्हणतात ते हेच.

रविवार, २ फेब्रुवारी

आज ठरवलेलं बाजूला राहिलं. शहरातल्या अकोटा भागातून येणाऱ्या मुलानं भिंतीपाशी उभं राहून कमरेवर हात ठेवला आणि म्हणाला, "आमच्याकडे पाणी इथपर्यंत होतं." गेल्या ऑगस्टच्या पुराची गोष्ट. विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती तेव्हाची. मी विचारलं नव्हतं, त्यानंच काढलं, म्हणून पुढे गेले. कारेलीबागच्या दोघींनीही आपापली खूण केली. भिंतीवर तीन खडूच्या पट्ट्या, खाली फरशी म्हणजे 'जमीन', आणि मोजमाप विती. पाच विती, तीन विती, दोन विती. अकोट्याच्या घरात कारेलीबागच्या एकीपेक्षा कितीने जास्त? दोनने, आणि दुसरीपेक्षा तीनने. कुणी अडखळलं नाही. पाण्याबद्दल मुलं खूप बोलली. फ्रीज, शाळेच्या वह्या, आजीला खांद्यावर घेऊन जिना चढलेले बाबा. ते सगळं ऐकलं. आलेख तसाच राहू दिला.

मग त्या मुलानं विचारलं, "आजव्यात २१२ फूट पाणी असतं ना?" ज्याचं पाणी विश्वामित्रीत उतरतं त्या आजवा सरोवराची पातळी २११, २१२, २१३ अशी सांगतात, ती पावसाळ्यात घराघरात पाठ असते. पण तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे, पाण्याची खोली नव्हे. हे मोठ्या चौघांनाच घेऊन बसले. उदाहरणादाखल तीन पातळ्या घेतल्या : २०८, २१०, २१२. एक चौकट म्हणजे वीस फूट धरून शून्यापासून काढल्या तर तिन्ही स्तंभ सारखेच दिसतात, साडेदहा चौकटींच्या आसपास. तेच 'जमीन' २०६ वर नेऊन एक चौकट म्हणजे एक फूट धरलं, तर दोन, चार, सहा. शेवटचा पहिल्याच्या तिप्पट! "तिप्पट पाणी आलं का?" चष्मेवाला म्हणाला, "नाही. कुणीतरी 'जमीन' वर उचलली." पाटावरच्या भाखरीची आठवण त्यानंच काढली.

कुठला आलेख चांगला? मी उत्तर दिलं नाही, कारण पहिला निरुपयोगी आणि दुसरा फसवा. दोन फुटांनी गावाचं काय होतं ते या मुलांना माहीत आहे. ते फूट दिसायलाच हवेत. तेव्हा 'जमीन' उचलली असेल तर ती कुठे आहे हे ठळक लिहायचं, आणि स्तंभाच्या उंचीवरून 'किती पट' म्हणायचं नाही, 'कितीने' एवढंच म्हणायचं. हे मला स्वतःलाही आजच नीट उमगलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

मुलांनी प्रश्न काढायचे, एकमेकांना घालायचे. बरेचसे 'सगळ्यांत जास्त कोण' याच जातीचे निघाले. सगळ्यांत लहान मुलीनं विचारलं, "अजून किती काळे पतंग पडले असते तर पांढऱ्यांएवढे झाले असते?" आठ. हा प्रश्न मी शिकवलेला नाही. 'कितीने'च आहे, पण वाट वेगळी, आणि ती मुलांना 'एकट्यां'पेक्षाही सोपी गेली. पुढच्या वर्षी इथूनच सुरुवात करून बघायची.

रिबिनवालीनं शाळेतला नवा कागद आणला होता, वाहनांचा आलेख. प्रश्न वाचण्याआधी तिनं उभ्या रेघेच्या खालच्या टोकाला बोट लावून शून्य आहे का ते पाहिलं, मग प्रमाण वाचलं, मग म्हणाली, "या पट्टीत वीस सायकली आहेत."

जुळे मात्र कागदावर अजून अडतात. पेट्या हातात असल्या की 'चारने', वहीत आलं की पुन्हा 'सात'. 'कितीने कमी' तर अजून घेतलंच नाही. पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी पुन्हा काड्यापेट्या काढते, या वेळी पेट्या थेट चौकटीच्या मोठ्या कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, मग पेट्या उचलायच्या. मोठा कागद घरात नाही. रावपुऱ्यातून आणायचा, आणि खडूही संपला आहे.